अकरा सेकंद

स्कारबरोच्या नगरपालिकेनं मला
चौसष्ट डोळे दिले आहेत
आणि एक खुर्ची, जिचं डावं चाक अडकतं.
रात्री दहा ते सकाळी सहा.
उजव्या हाताशी एक काळी दांडी,
अंगठ्याएवढी. पुढे रेटली की
दूरचं जवळ येतं.

सगळं एवढ्यावरच आहे, प्रभू.
दूरचं जवळ येतं.

जुलैत एकदा मी ती रेटली.
पहाटेचे पाच, दक्षिण किनारा, कॅमेरा एकोणीस,
पोहून आलेली कुणीतरी केस पिळत होती.
गुन्हा तिथे काहीच घडत नव्हता.
गुन्हा इथे घडत होता, या खुर्चीत,
अकरा सेकंद.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळानं मोजले, म्हणून ठाऊक.
ट्रेव्हर पाय टेबलावर टाकून वेफर्स खात होता.
म्हणाला, "फायदे आहेत की नाही या नोकरीचे?"
मी हसलो.
ते हसू मी त्या अकरात धरलेलं नाही.

एकतीस दिवसांनी चित्रण आपोआप पुसलं जातं,
तसा नियम आहे.
ऑगस्टात ते पुसलं गेलं.
माझ्यातलं नाही.
रविवारी मंडळीत प्रभुभोजनाचा पेला पुढे आला
तेव्हा मी तो घेतला, आणि हात
तोच होता.

बाबा मिरजेच्या मिशन इस्पितळात वॉर्डबॉय होते.
बायकांच्या वॉर्डातून स्ट्रेचर नेताना
कधी चादर सरकायची, आणि सावरायला
बाईला शुद्ध नसायची.
मी विचारलं होतं, चौदा वर्षांचा, नको ते कुतूहल घेऊन,
"तुम्ही तेव्हा डोळे मिटता का?"
"मिटले तर स्ट्रेचर भिंतीवर आदळेल," म्हणाले.
"चेहऱ्याकडे बघायचं. चेहरा दिसला की
बाकीचं तिचं तिला राहतं."

मी मात्र देवाला कितीदा म्हणालो,
इच्छाच काढून घे,
दाढ काढतात तशी.
त्यानं नाही काढली.
रोज रात्री दहाला तीही माझ्याबरोबर कामावर येते,
ओळखपत्राशिवाय.

काल रात्री पावणेतीनला, कॅमेरा सात.
क्लबबाहेरच्या पायऱ्यांवर एक मुलगी बसली,
सँडल हातात, झगा मांडीवर कुठल्या कुठे सरकलेला,
एकटी.
अंगठा दांडीवर माझ्याआधी पोचला होता.
मी तो उचलला.
कॅमेरा समुद्राकडे फिरवला:
काळं पाणी, कचऱ्याच्या डब्यावर एक सीगल.
बरं वाटलं. जिंकल्यासारखं.
मग लक्षात आलं,
ती तिथे अजून एकटीच आहे
आणि मी, मोठा पवित्र माणूस,
पक्षी बघतोय.

परत फिरवला.
मिटले तर आदळेल.
चेहरा.
काजळ गालापर्यंत ओघळलेलं, ओठ हलत होते,
फोन बंद पडला असावा, ती तो पुन्हा पुन्हा दाबत होती.
ती मला बहिणीसारखी वाटली असं म्हणणार नाही.
ती माझी कुणीच लागत नव्हती.
तिला थंडी वाजत होती.

वायरलेसवरून चर्चच्या स्वयंसेवकांना कळवलं.
मॉरीन आली, सत्तरीची, पिशवीत रबरी चपला घेऊन.
गुडघे धरत पायरीवर टेकली,
त्या अनोळखी पायांत एकेक चढवली.
टॅक्सी येईपर्यंत मी दोघींना बघत राहिलो.
किती मिनिटं, मोजली नाहीत.

घरी करुणा ड्यूटीवर निघायच्या घाईत.
"डोळे बघ कसे लाल झालेत,"
म्हणून थेंबांची बाटली काढली.
मी म्हणालो, "आधी जुलैतलं एक सांगायचंय."
बाटली तशीच हवेत धरून तिनं ऐकलं.
बराच वेळ बोलली नाही.
खाली तिची बस आली, आणि गेली.
मग माझी हनुवटी धरली, जरा जोरातच,
म्हणाली,
"वर बघ."