मार्फत सचिव

पहिल्या पानावर मी टाईप केलं:
वच्छला तानबा सोनकुसरे,
वय एकसष्ट, धंदा घरकाम,
राहणार पाचपावली, नागपूर.
मग मधोमध, एकटंच: विरुद्ध.
आणि खाली
भारत सरकार, मार्फत सचिव, डाक विभाग, नवी दिल्ली.

बाईंनी चष्मा पुसून कागद डोळ्यांशी धरला.
"माह्यं वय लिवलं. सरकारचं कायले नाई लिवलं?"
वकीलसाहेब हसले.
मी एकवीस वर्षं मुन्शी,
तो रिकामा रकाना मला कधी दिसलाच नव्हता.

तानबा इतवारीच्या पोस्टात पॅकर.
सत्तावीस वर्षं कच्चा, हा बाईंचा शब्द.
रोजंदारी, मग हंगामी, मग पुन्हा रोजंदारी.
पोती शिवायची, लाख वितळवायची,
उजव्या हातानं ठसे मारायचे.
झोपेतही मांडीवर मारायचा म्हणे
आणि बरळायचा, तारीख वाचता आली पाहिजे.
गेला तेव्हा पोस्टातून हार आला.
पेन्शनच्या अर्जावर शेरा आला:
सदर इसम कर्मचारी नव्हता.

ट्रायब्युनलनं तेच वाक्य नऊ पानांत लिहिलं.
म्हणून आता खंडपीठ.

मे महिना. सिव्हिल लाइन्सचं डांबर चपलेला चिकटतं.
बाईंच्या पदराच्या गाठीत कांदा.
कूलरसमोर बसत नाहीत, "सवय लागते जी."
मी पानांवर आकडे घालतो, एक ते एकशे बारा,
सहीच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली.
त्या फुलीवरच त्या सही करतात,
"च्छ"पाशी थांबतात,
जणू तिथं पायरी आहे.

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली.
मी म्हटलं, बघा,
सरकारवरचा खटला सरकारच्याच पोत्यातून चालला.
"मंग शिवण पक्की असन," त्या म्हणाल्या.

अठराव्या दिवशी पोचपावती आली.
घेणाऱ्याची सही म्हणजे एक आडवी रेघ, शेपटाला गाठ.
"हे सरकारची सही काय?"
नाही बाई, आवक शाखेतला कोणी असेल.
"पर्मनंट असन का थो?"
मला माहीत नव्हतं.
त्यांनी कार्ड खिडकीकडे तिरपं केलं,
ठशाच्या गोलावरून बोट फिरवलं.
"तारीख साफ आली हाय."

कार्ड फाईलला लागलं, पान एकशे तेरा.
त्यांनी झेरॉक्स मागितली.
दोन रुपये मी काढले होते,
देऊ दिले नाहीत.

सरकारी वकिलांनी मुदत घेतली.
पुढली तारीख दिवाळीनंतर.
दाराशी त्या वळल्या,
"तवा तरी सरकार येईन?"
त्यांचे वकील येतील, मी म्हटलं.
"मार्फत," त्या म्हणाल्या,
गाठीतला कांदा चाचपला
आणि उन्हात उतरल्या.