नारिंगी अकरा ग्रॅम

कॅमेरा एकोणीस मिलिमीटर रुंद.
त्याला धरणारी खोबण मी साडेएकोणीस ठेवली होती,
तर एडविन्स म्हणाला, काका, चित्र थरथरतंय,
हिवताप भरल्यासारखं.

मग एकोणीस पूर्णांक एक.
मग भिंत जाड. मग स्क्रूच्या भोकापाशी गोलाई,
कारण चीर नेहमी कोपऱ्यातूनच निघते,
हे जहाजांवर तीस वर्षं वेल्डिंग करताना शिकलो,
प्लास्टिकने फक्त उजळणी घेतली.

लिएपायात समुद्राची हवा दारं लावूनही आत येते.
रीळ दमट झालं की नोझल तडतडतं,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं,
आणि भागावर बारीक केस उगवतात.
म्हणून रीळ रात्रभर ओव्हनमध्ये, मंद आचेवर.
सार्मिते विचारते, आज काय भाजतोयस?
संत्रं, मी म्हणतो.
रंग तरी तोच.

फ्रेम कार्बनची: मोडेन पण वाकणार नाही.
तिच्या कपाळाशी मी हे रबरासारखं,
नमतं घेणारं काहीतरी बसवतो.
आर्मच्या टोकांना टोपणं, अँटेनाला नळी,
बॅटरीखाली पातळ गादी.
सगळं मिळून अकरा ग्रॅम.
मादारा त्यावरही कुरकुरते, दोन कमी कर.
चौदा वर्षांची आहे. तिला ग्रॅम कळतात, दया नाही.

मी स्वतः गॉगल एकदाच लावला.
तिसऱ्या कमानीला बादली मागावी लागली.

रविवारी, मासे डबाबंद करायच्या जुन्या शेडमध्ये,
उणे अकरा.
थंडीत माझं मऊ काम दगड होतं,
हे स्वयंपाकघरात कळलं नव्हतं.
म्हणून या खेपेला भिंत पुन्हा पातळ, आत पोकळ जाळी.
सतरावी आवृत्ती.

पाचव्या कमानीचा खांब.
आवाज केवढासा, कुणी काटकी मोडावी एवढाच.
एक आर्म गेला, मोटर वायरीला लोंबकळली.
पण पडद्यावर चित्र चालूच होतं:
आडवं काँक्रीट, डब्याचं गंजकं झाकण,
दुरून येणारे दोन बूट,
मोठे मोठे होत.
मग उलटा चेहरा, पडदाभर,
नाकाशी वाफ.

मला वाटलं, आता रडणार.
तिने नखाने कॅमेरा ढकलून पाहिला
आणि लेन्समध्येच बघत, म्हणजे माझ्याकडेच,
बोटं दाखवली. दोन.

त्या कॅमेऱ्यातून आवाज येत नाही.
दोन ग्रॅम? दोन अंश सरकला?
की दोनच मिनिटं थांब, परत उडवते?

मी पेन्सिल शोधली
आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहिलं: अठरा.