सात मिनिटं

कमरेला साखळी, साखळीला किल्ल्या.
स्केलबेकचं एकूण एक दार मला उघडता येतं,
सोडता कुणालाच येत नाही.
पगार नाही. बसचं तिकीट दाखवलं
की पैसे परत मिळतात.

याआधी अडतीस वर्षं गुरांच्या डॉक्टरकडे होते.
जनावर सांगत नाही कुठे दुखतं,
पण पाय टेकताना लपवतही नाही.
इथे सगळ्या म्हणतात, बरं चाललंय, बाई.
मी अजून पायांकडेच बघते.

गुरुवारी आधी स्वयंपाकघर. सूपमध्ये थर्मामीटर बुडवते,
मग एक घासही घेते, कारण आकड्याला चव नसते.
मग रात्रीची वही:
कोठडी एकवीस, घंटा दोन वाजून चारला,
दार उघडलं दोन अठराला.
मधल्या चौदा मिनिटांत काय झालं
त्याला वहीत रकाना नाही.
इल्डिकोला चार महिन्यांत दुभाषी मिळालेला नाही,
तिचे अर्ज अडझोआ भरते, खुणांवरून, अंदाजाने.
पॅड मागायला काउंटरशी उभं राहावं लागतं,
काउंटरमागे बहुतेक वेळा गॅरथ.
गॅरथ वाईट नाही. तो छताकडे बघत पाकीट सरकवतो.
दोघांचीही मान अवघडते.
हेही लिहिते.

जिन्याखाली आमची पिवळी पेटी आहे.
तिच्यात दर आठवड्याला डेनीस ऑर्मरॉडची चिठ्ठी,
दर आठवड्याला तेच वाक्य:
भेटीच्या हॉलमधलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.

आधी मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.
छतातून पाणी गळतं तिथे घड्याळाचं काय घेऊन बसलीस?
मग एका दुपारी मनगटावरचं पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं.
सात.
कीली प्रेस्टनहून दोन बस बदलून येते, नऊ वर्षांची, मावशीबरोबर.
पहिली वीस मिनिटं ती बोलतच नाही,
कोटाच्या बटणाशी खेळते.
बोलायला लागते ती शेवटी शेवटी,
आणि तेव्हाच कुणीतरी म्हणतं, चला, वेळ झाली.

मी लिहिलं. उत्तर आलं: नोंद घेतली.
पुन्हा लिहिलं. उत्तर आलं: कंत्राटदाराला कळवलं आहे.
वार्षिक अहवालात, पान एकतीस, ओळ सहावी,
छताच्या आणि उंदरांच्या मधे तिला बसवलं.
छापून आली तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली,
नातवाचं नाव निकालात शोधावं तशी.

मार्चमध्ये घड्याळ काढून नेलं.

भिंतीवर एक फिकट वर्तुळ राहिलं, मधे खिळा.
कागदावर शिक्का: तक्रार निकाली.
आता वेळ गॅरथच्या खिशात असते, किंवा त्याच्या साहेबाच्या,
आणि ती किती पुढे आहे हे तपासायची सोय नाही.
डेनीसची चिठ्ठी त्या आठवड्यात कोरी होती.
घडी मात्र व्यवस्थित, काठाला काठ जुळवून.

मला रागवायचा अधिकार दिलेला नाही.
बघायचा दिला आहे, विचारायचा, लिहायचा.
पुढच्या अहवालाचं पहिलं वाक्य तयार आहे,
खोडून खोडून सौम्य केलंय,
तरी त्याचे दात दिसतात.

तोवर गुरुवारी दुपारी
हॉलच्या कोपऱ्यातली खुर्ची मी ओढून मधे घेते.
बाहेर गारठा, आत हीटर बंद,
तरी कोटाची डावी बाही कोपरापर्यंत वर सारते
आणि हात टेबलावर ठेवते, तबकडी त्यांच्याकडे करून.
नियमात याबद्दल काही नाही, मी शोधलं.

काल कीलीने बटण सोडलं,
माझ्या मनगटाकडे पाहिलं,
ओठ हलवत काटे मोजले,
आणि आईला म्हणाली, थांब,
अजून आहे.