जर्दाळूंच्या तराजूवर

काराकोलच्या बाजारात माझा ठेला,
डावीकडे घोड्यांचे नाल, उजवीकडे झेनेपचे सुके जर्दाळू.
मी बिघडलेली यंत्रं उघडतो.
उघडतो, हा शब्द ध्यानात ठेवा.

आइपेरी हिमनदी मोजते.
दर उन्हाळ्यात वर जाते, बर्फात रोवलेल्या काठ्यांपाशी,
खाली येऊन सांगते, किती उघड्या पडल्या.
तिचा जुना लॅपटॉप मी आतून ओळखतो,
सुईण ओळखते तसा.
एकदा घोड्यासकट ओढ्यात पडला होता;
चार स्क्रू काढले, दोन रात्री चुलीजवळ वाळवला,
मेमरीची पट्टी नखाने उचलून नवी बसवली.
कडेला नऊ पिनांचं ते रुंद तोंड,
आता कुणी ठेवत नाही,
पण सगळ्यात वरच्या काठीजवळ एक डबा आहे,
वर्षभराची थंडी पोटात साठवणारा,
तो अजून त्याच तोंडाशी बोलतो.

यंदा तिला बिश्केकहून नवा मिळाला.
पाकिटातून काढला तेव्हा मला वाटलं, पत्रच आलंय.
कडेला दोन बारीक भोकं, बस्स.
मी उलटा केला. चांदणीच्या आकाराचे स्क्रू.
त्याखाली डिंक, डिंकाखाली बॅटरी,
मेमरी बोर्डावरच डाखलेली, जन्माची गाठ.
"हा आजारी पडला तर?"
"तर पुरायचा," ती म्हणाली.

झेनेपने जर्दाळू बाजूला सारले,
एकेक करून दोन्ही तराजूत घातले.
जुना: तीन किलो शंभर.
नवा: नऊशे ऐंशी ग्रॅम.
"आणि भाव?" झेनेपने सवयीने विचारलं.

मी म्हणालो, थांब.
अडॅप्टर ठेव, त्याची वायर ठेव, बाहेरची डिस्क,
थंडीत बॅटरी मरते म्हणून ती जास्तीची वीट.
थैली फुगली. काटा पुन्हा हलला.
नाकापेक्षा मोती जड!
मी जिंकल्यासारखा हसलो.
बेरीज दोन किलो तीनशेवर येऊन थांबली.
म्हणजे फरक उरला आठशे ग्रॅमचा.
आइपेरीने उजवा गुडघा चोळला,
दोन हिवाळ्यांपूर्वी भेगेत अडकलेला.
"आठशे म्हणजे काय ते याला विचार."

गुडघ्याशी वाद घालता येत नाही.
जुना माझ्या फळीवर राहिला.

सप्टेंबरात ती परतली, ओठ फुटलेले.
"वरच्या काठीपर्यंत पोचले," म्हणाली,
"तीन वर्षांत पहिल्यांदा."
"आणि थैली?"
नदी ओलांडताना घोडा बिचकला, थैली वाहून गेली.
वर ती, आणि मांडीवर तो पातळ,
धडधाकट, देखणा, पूर्ण चार्ज,
समोर डबा,
आणि दोघांत समाईक एक शब्द नाही.

मग तिने कोटाच्या खिशातून कागद काढले.
डब्याला इवलासा पडदा आहे.
कळ दाबत राहिलं की आकडे एकेक करून सरकतात.
ती दाबत राहिली,
पेन्सिलीने उतरवत राहिली, अकरा तास,
झेनेपने शिदोरीला दिलेल्या पुड्या फाडून,
त्यांच्या पाठीवर.

मी फळीवरून जुना काढला, धूळ फुंकली.
पंखा घरघरला,
म्हाताऱ्या कुत्र्याने मालकीण ओळखावी तसा.
ती वाचते, मी टंकतो.
उणे चार पूर्णांक दोन.
उणे चार पूर्णांक सहा.
कळा खोल जातात, बोटाला कळतं की अक्षर पडलं.
मध्येच ती थांबली.
"हा नेला असता तर मधल्या काठीवरूनच मागे फिरले असते."

मी काही बोललो नाही.
एका आकड्यावर जर्दाळूचा चिकट डाग होता,
सात आहे की एक, मी उजेडात धरून बघत होतो.
"सात," ती म्हणाली.
मग जरा वेळाने,
"बहुतेक."