पान ३४१

पदोन्नतीच्या अर्जात रकाना क्रमांक बारा:
एकूण संदर्भ किती, एच-निर्देशांक किती.
यंत्र म्हणतं, तुम्ही दोघी आहात.
एक सोनवणे, इंग्रजीत मधला 'ए' असलेली. तिचा सहा.
दुसरी 'ए' नसलेली. तिचा चार.
दोघींची बेरीज दहा होत नाही,
हे गणित तसं नसतंच.

चोपड्यात रात्रीचे साडेदहा.
खिडकीखालून केळीचा ट्रक जातो दिल्लीकडे,
घडांवर ओली पानं पांघरलेली.

एका अक्षराचा बदल.
आयुष्यभर हेच तर शिकवलं मी:
लांबलचक ओळीत एक इकडचं तिकडे झालं
की झाड ठेंगणं राहतं, सालीचा रंग फिरतो,
किंवा काहीच होत नाही
आणि तो बदल मुकाट चालत राहतो
मुनव्यातून मुनव्यात.

केळीला बी नसतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
गुणसूत्रांचे तीन-तीन संच, जोड्याच लागत नाहीत.
पण त्या सालच्या कांदेबागेत, अडावदच्या शिवारात,
सुपडू कोळी केळं खाता खाता थांबला,
तोंडातून काढून तळहातावर ठेवलं:
'बाई, देखा. केयमा बी शे.'
मिऱ्याएवढं, काळं.
त्याची दाढ दुखत राहिली दिवसभर.

अख्खा घड सोलला आम्ही. सात बिया.
दोन उगवल्या, एक जगली.
चार वर्षं तिच्यापाशी बसण्यात गेली,
मग शोधनिबंध, पान तीनशे चौदा.

एकशे सदतीस जणांनी त्याचा दाखला दिला.
आज एकेक उघडून पाहिला.
बहुतेक ठिकाणी मी कंसात, आणखी पाच जणांसोबत,
वऱ्हाडाच्या जीपमध्ये कोंबल्यासारखी.
एकाने लिहिलंय, निष्कर्ष शंकास्पद.
त्याने निदान वाचलाय.
भेटला तर चहा पाजीन.

आणि मग दिसलं, कुणीतरी पान चुकवलंय.
तीनशे एक्केचाळीस.
त्याच्यावरून दुसऱ्याने उतरवलं, दुसऱ्यावरून तिघांनी,
कोइमतूर, कंपाला, ब्राझीलमधलं कुठलं तरी गाव.
पाठकोरा कागद घेतला, फांद्या काढत गेले.
मूळ पुरुष सापडला दोन हजार नऊचा,
वंशज बावीस.
त्या अंकात तीनशे एक्केचाळीसवर
ज्वारीच्या खोडकिड्यावरचा लेख आहे, चांगला आहे.

रागवायला हवं होतं.
पण वंशावळ इतकी सुबक उतरली होती,
इतकं स्वच्छ झाड मला शेतात कधी मिळालं नाही.

सुपडूचं नाव शेवटच्या पानावर,
आभारात, अनुदान देणाऱ्यांच्या खाली.
आभार कुणी मोजत नाही.
तिथेही एक अक्षर गळालंय: सुपड.
त्याला मी ते पान दाखवलं होतं.
इंग्रजी येत नसल्याने तो खूश झाला.

गेल्या आठवड्यात अडावदच्या थांब्यावर
एक अनोळखी पोरगा दुसऱ्याला समजावत होता,
मुनवा रुंद पानांचाच घ्यायचा,
'बाईनी सांगेल शे.'
कोण बाई, मी विचारलं.
त्याला ठाऊक नव्हतं. बाप म्हणायचा, एवढंच.
मी तर नेमकं उलटं सांगितलं होतं,
तलवारीसारख्या पानांचा घ्या म्हणून.
दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर गाडी आली.

ते एक जगलेलं झाड
महाविद्यालयाच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी.
म्हणजे ते नव्हे, त्याच्या मुनव्याच्या मुनव्याचं कितवं तरी.
शिपाई जेवायला पानं नेतो.
दरवर्षी निसवतं, घड देतं.
मी दरवर्षी एक केळं उभं चिरून बघते.
बी नाही.

रकाना बारा अजून कोरा.
खाली बारीक अक्षरांत लिहिलंय,
नावात बदल असल्यास पुरावा जोडा.