पाचर

ऑक्टोबरातच बर्फ धरतं इथे, मिशिगनच्या वरच्या टोकाला.
वर्कशॉपची किल्ली माझ्याकडे. एकोणीस वर्षं
मी पाने मोजून देतो, मोजून परत घेतो.
पोरं मात्र दर वर्षी मोजून कमीच भरतात.

ब्रिन लाह्टी. पहिलं वर्ष. बाप लोखंडाच्या खाणीत.
कॅल्क्युलसमध्ये शंभरात एकतीस.
जॅकेटच्या खिशात शाखा बदलण्याचा अर्ज,
सही झालेली, तारीख तेवढी घालायची राहिलेली.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा एवढंच दिसत होतं, की ही मुलगी
ड्रिल धरते ती तापलेली कढई धरावी तशी.

काम होतं इल्मी कांगासबाईंचं.
वय एक्क्याऐंशी, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी.
"मुरंब्याची बरणी माझी मला उघडायचीय," म्हणाल्या,
"शेजाऱ्याला हाक न मारता.
तो फार बोलतो."

चौघांचा गट.
पहिल्या यंत्राने बरणीच फोडली.
दुसऱ्याचा पट्टा घसरला. तिसऱ्याचाही.
क्वेंटिन म्हणाला, दोन वेढे देऊन बघू या का?
पट्टा धरला,
पण खुंटी खोबणीत खुळखुळत राहिली.
केसभर फट.

ब्रिनने इकडेतिकडे पाहिलं, खिशात हात घातला,
कागद आठपदरी दुमडला
आणि हातोडीच्या दोन टोल्यांत ठोकून बसवला.

पाचर मारली की कामं अडतात म्हणे.

टक्.

कुणी ओरडलं नाही.
कांगासबाईंनी वास घेतला, बोट बुडवलं.
"साखर कमी पडलीय यंदा."

मग मुरंबा चाटता चाटता ब्रिन मला विचारते,
"दोन वेढ्यांनी दुप्पट धरायला हवा ना?
हा तर कितीतरी पट धरतो. का?"
मी पडलो मिस्त्री. धरतो एवढं ठाऊक,
का धरतो ते नाही.
"दुसऱ्या मजल्यावर जा," म्हटलं,
"ज्यांनी एकतीस दिले त्यांनाच विचार."
गेली. पट्ट्याचा तुकडा मुठीत घेऊन,
जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत.

क्वेंटिन जानेवारीत सोडून गेला.
वेढे ज्याला सुचले, तोच.
निरोप नाही, काही नाही.
त्याचा गॉगल सातव्या खुंटीला आहे,
मी पुसतो अधूनमधून.

तो अर्ज कांगासबाईंच्या ओट्यावर,
यंत्राच्या पोटात, तेल पिऊन पिवळा झाला असेल.
ब्रिनने दुसरा मागितल्याचं ऐकलं नाही.

काल पाने मोजले. दहा नंबरचा एक कमी.
कुणाच्या खिशात आहे ते मला माहीत आहे.
असू दे.