आठ बाइट

जुबैल, रात्रीचे दोन.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
हजेरीची फाइल लिहून लगेच वाचली तर सगळं सुरळीत.
प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला
की जागीच आडवा.

शेवटी हेक्समध्ये उघडून बसलो.
पगार आहे, खाट नंबर आहे,
नावाच्या जागी मात्र आठ बाइट.
दाभोळच्या अब्दुलगनी परकारचे आठ,
नेपाळच्या जीतचेही आठच.

म्हणजे मी नावं लिहिलीच नव्हती.
नावं जिथे उतरली होती तिथले पत्ते लिहिले,
आणि मेमरी तर प्रत्येक खेपेला खोल्या बदलते.

चहा घेऊन आलेल्या परकारला हे सांगितलं.
म्हणाला, माझीही पत्रं अजून जुन्या कॅम्पावर जातात.
त्या खाटेवर आता कोण झोपतो, ठाऊक नाही.
फोडत नाही बिचारा. गादीखाली ठेवतो.

पॉइंटर काढला.
आधी लांबी, मग नाव, असं लिहिलं.
पहाटे यादी वाचली गेली,
फक्त लांबीत मी एक कमी धरला होता.
पडद्यावर आलं:
अब्दुलगनी परका.

तो चष्मा पुसून पुन्हा बघत राहिला.

मी एक वाढवला.
र आला.